तंजावरच्या मराठी दरबारातील सुवार्तिक : श्वार्ट्झ यांची पत्रे आणि रोजनिशी

अठराव्या शतकात प्रॉटेस्टंट युरोपात सुवार्तिक प्रवचनकारांची एक मोठी पिढी उदयास आली. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी आपले लेखन हयातीतच, १७७१ ते १७७४ या काळात, बत्तीस खंडांत छापून घेतले. त्यांचे स्नेही आणि पुढे मतभेद झालेले सहकारी जॉर्ज व्हिटफिल्ड १७७० मध्ये निवर्तले, आणि पुढच्या दोनच वर्षांत त्यांची प्रवचने व पत्रे सहा खंडांत वाचकांच्या हाती पडली. याच पिढीतील एक प्रवचनकार अठ्ठेचाळीस वर्षे भारतात राहिला आणि त्यांतील जवळजवळ तीस वर्षे एका मराठी राजघराण्याच्या सुखदुःखात गुंतून गेला. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्यांचे नाव. ग्रंथकर्ता म्हणवून घेण्याची हौस त्यांना नव्हती. त्यांच्या मागे राहिली ती पत्रे आणि रोजनिशीची पाने. इतरांनी ती गोळा केली, निवडली, छापली, आणि आज 'श्वार्ट्झ यांचे समग्र लेखन' म्हणून जे काही आपल्यासमोर येते ते असे दुसऱ्यांच्या हातून आलेले आहे.

श्वार्ट्झ ल्यूथरन होते, आपण कॅथॉलिक आहोत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्यविषयक हुकूमनामा प्रसृत केला, त्यानंतर अशा विभक्त बंधूंचे लेखन आदराने वाचण्यास आपल्याला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. पण माझे कारण त्याहून साधे आहे. मराठी ख्रिस्ती माणसाला आपला इतिहास विचारला तर तो वसई, गोवा, मुंबई, अहमदनगर एवढी नावे घेतो. कावेरीच्या काठी पावणेदोनशे वर्षे एक मराठी राज्य नांदले आणि त्या राज्याच्या अखेरच्या पर्वात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा शब्द दरबारापेक्षाही वजनदार ठरला, ही गोष्ट आपल्या बोलण्यात क्वचितच येते.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेथपासून १८५५ पर्यंत, मध्ये दोन-तीन वर्षांचा खंड वगळता, भोसल्यांची गादी तेथे होती. राज्यकर्त्यांची भाषा मराठी, प्रजेची तमिळ, संगीताची तेलुगू आणि शास्त्राची संस्कृत, असा तो चमत्कारिक आणि श्रीमंत संसार होता. ज्या १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि आपले उत्तर कोकणातील कॅथॉलिक पूर्वज मराठी अमलाखाली आले, त्याच साली तंजावरला प्रतापसिंह गादीवर बसले. त्यांचे पुत्र तुळजाजी १७६३ मध्ये राजे झाले. विद्वान, रसिक, पण कर्जबाजारी आणि चोहोबाजूंनी घेरलेले असे हे राजे होते. अर्काटच्या नवाबाने इंग्रजी फौजेच्या बळावर १७७३ मध्ये त्यांचे राज्य बळकावले, आणि १७७६ मध्ये इंग्रजांनीच ते त्यांना परत दिले. परत मिळालेल्या राज्यात राजाचे किती आणि कंपनीचे किती, हे सांगणे यापुढे कठीण होते.

त्याच किनाऱ्यावर तरंगमबाडी हे डॅनिश वसाहतीचे बंदर. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने ९ जुलै १७०६ रोजी झिगेनबाल्ग आणि प्लुचाऊ हे दोन जर्मन तरुण तेथे उतरले आणि भारतातील प्रॉटेस्टंट मिशनकार्यास आरंभ झाला. दोघेही हाले या विद्यापीठनगरीतील भक्तिपंथी चळवळीच्या मुशीतून घडलेले. ऑगस्ट हेर्मान फ्रांके यांनी तेथे अनाथाश्रम, शाळा, छापखाना, औषधालय यांचे एक विश्वच उभे केले होते. मिशनरी तेथून येत आणि त्यांची पत्रे तेथे जात. ती १७१० पासून 'हाले वृत्तान्त' या नावाने छापली जाऊ लागली. जर्मनीतील घराघरांत ती वाचली जात, आणि वाचणारे देणगीही पाठवीत.

येथे कॅथॉलिक वाचकाला एक ओळखीची खूण पटावी. येशूसंघीय धर्मगुरूंची जगभरातून आलेली पत्रे पॅरिसमध्ये १७०२ पासून चौतीस भागांत प्रसिद्ध झाली. त्यांत मदुरा आणि कर्नाटक मिशनची पत्रे विपुल आहेत. दोन्ही पंथ एकमेकांवर टीका करीत होते. बेस्की या थोर येशूसंघीय तमिळ कवीने ल्यूथरपंथीयांचे खंडन करणारे पुस्तकच लिहिले. पण दोन्ही मिशनांना पैसा आणि प्रार्थना घरून हवी होती, आणि त्यासाठी पत्रे हवी होती. अशी पत्रे वाचताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दूरचा देणगीदार आहे, हे विसरून चालत नाही. त्यातून हालेच्या संपादकांची कात्री चालत असे. झिगेनबाल्ग यांनी दक्षिणेतील देवदेवतांवर मोठ्या कष्टाने लिहिलेला ग्रंथ फ्रांके यांनी छापलाच नाही. मूर्तिपूजा उखडण्यासाठी पाठविलेल्या माणसाने तिचे ज्ञान युरोपात पसरवू नये, असा त्यांचा अभिप्राय. तो ग्रंथ शेवटी १८६७ मध्ये मद्रासला छापला गेला. म्हणून छापील पानावर जे नाही त्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

श्वार्ट्झ यांचा जन्म ऑक्टोबर १७२६ मधला, प्रशियातील सोनेनबुर्ग या लहान गावचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आई बालपणीच वारली. मरताना तिने मुलगा देवाच्या सेवेला वाहिला, असे सांगतात. हालेला शिकत असताना तमिळ बायबल छापण्याचे काम चालू होते. त्या कामात मदत व्हावी म्हणून हा विद्यार्थी तमिळ शिकला. छापण्याचे काम पुढे बारगळले, पण भाषा अंगी उरली. कोपनहेगनला धर्मदीक्षा घेऊन ते जुलै १७५० मध्ये तरंगमबाडीस पोहोचले. पहिली बारा वर्षे तेथे गेली. मग तिरुचिरापल्ली, आणि १७७८ पासून कायमचे तंजावर. लग्न केले नाही. भात-भाजीवर निर्वाह, एका साध्या खोलीत वस्ती, अंगावर काळा सुती झगा. ल्यूथरन धर्मोपदेशक बहुधा विवाहित असतो. हा मात्र आपल्या एखाद्या संन्यस्त धर्मगुरूसारखा जगला.

तुळजाजी राजांशी त्यांची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. राजे टांगलेल्या झोपाळावजा बैठकीवर बसले होते. दुभाष्यामार्फत फारसीत संभाषण सुरू झाले. राजांना तमिळ चांगले कळते हे ध्यानात येताच श्वार्ट्झ यांनी तमिळमध्ये बोलण्याची परवानगी मागितली आणि दुभाष्या बाजूला पडला. मराठी राजा आणि जर्मन पाद्री यांची मैत्री अशी तमिळमध्ये जुळली! पुढे दरबारासाठी ते मराठीही शिकले. राजे त्यांना 'आपला पाद्री' मानू लागले. ते ख्रिस्ती होतील अशी आशा श्वार्ट्झ यांना काही वर्षे वाटत राहिली आणि हळूहळू मावळली. पत्रांतून ही आशा व तिचे मावळणे दोन्ही दिसते. संपादकांनी तेवढे राहू दिले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

याच काळात एक मराठी स्त्री त्यांच्या रोजनिशीत येते. तंजावरकडची एक ब्राह्मण विधवा, पाळयंकोट्टै येथे एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहत होती. तिने बाप्तिस्मा मागितला. विवाहाविना चाललेला तो सहवास सुटल्याशिवाय बाप्तिस्मा देता येणार नाही, असे श्वार्ट्झ यांनी स्पष्ट सांगितले. अधिकारी मरण पावल्यावर तिने पुन्हा मागणी केली आणि १७७८ मध्ये क्लॅरिंडा या नावाने तिला बाप्तिस्मा मिळाला. तिने स्वतःच्या खर्चाने बांधविलेल्या चर्चचे समर्पण १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांच्याच हस्ते झाले. तिरुनेलवेली भागातील पुढच्या मोठ्या ख्रिस्ती समाजाचा उगम या बाईच्या लहानशा मंडळीत शोधला जातो. त्या मंडळीच्या १७८० च्या नोंदवहीत चाळीस जणांत पहिले नाव तिचेच आहे. तिला सती जाण्यापासून वाचविल्याची कथा ए. माधवय्या यांच्या १९१५ च्या इंग्रजी कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाली. कादंबरी ती कादंबरी. पण नोंदवहीतले नाव खरे आहे आणि आपल्या मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या इतिहासाचा आरंभ कोठून धरावा, याचा विचार करताना ते आठवावे.

रोजनिशीतील सर्वांत वाचनीय भाग १७७९ च्या श्रीरंगपट्टणच्या प्रवासाचा. हैदर अलीशी युद्ध टळावे यासाठी मद्रास सरकारला गुप्तपणे बोलणी करावयाची होती. इंग्रज वकिलांवर हैदरचा भरवसा नव्हता. पाद्री आला तर ऐकू, अशी त्याची भूमिका. श्वार्ट्झ यांनी बराच विचार केला. राजकारणात पडावे की नाही, हा प्रश्न त्यांना छळत होता. शांतता करणे हे सुवार्तेच्या विरोधी नाही, आणि वाटेत उपदेशाची संधी मिळेल, असे मनाशी ठरवून ते निघाले. हैदरच्या दरबारातील शिस्त, एकाच वेळी अनेक लेखनिकांना मजकूर सांगण्याची त्याची हातोटी, आणि शिक्षेसाठी सदैव सज्ज असलेले चाबूकधारी, हे सारे त्यांनी टिपले आहे. पावसाने मोडलेले रस्ते आणि पूल हैदरची माणसे तत्काळ दुरुस्त करतात, इकडे कर्नाटकातील युरोपीय मात्र सारे मोडकळीला येऊ देतात, हा त्यांचा शेरा कंपनीला गोड वाटला नसेल. प्रवासखर्च म्हणून हैदरने तीनशे रुपये दिले. ते त्यांनी मद्रासला सरकारजमा करू पाहिले. सरकारने घेतले नाहीत, तेव्हा तंजावरच्या इंग्रजी धर्मादाय शाळेसाठी ते बाजूला काढले.

बोलणी फसली. १७८० च्या जुलैत हैदर कर्नाटकावर तुटून पडला. या पाद्र्याला कोणी हात लावू नये, अशी त्याने आपल्या सैन्यास ताकीद दिली होती असे सांगतात. १७८३ मध्ये टिपूकडे त्यांना पुन्हा पाठविण्यात आले, पण सरहद्दीवरूनच परतावे लागले.

युद्धामागून दुष्काळ आला. तंजावरचा किल्ला उपाशी होता. आसपासच्या खेड्यांत धान्य होते, पण आणावे कसे? बैल मिळेनात. राजाच्या आणि इंग्रजांच्या माणसांनी पूर्वी बैल घेतले, धान्य घेतले आणि पैसे बुडविले, तेव्हा रयतेने दोघांवरचाही विश्वास सोडला होता. शेवटी राजांनी श्वार्ट्झ यांना आपल्या शब्दावर धान्य मागवून पाहण्यास सांगितले. त्यांनी शेतकऱ्यांना पैसे देण्याची हमी स्वतःच्या नावाने दिली. दोन-तीन दिवसांत हजाराच्या वर बैल आले आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. कलम हे तमिळ मुलखातील धान्याचे माप. पैसे दिले गेले, आणि आणणाऱ्यांना पुन्हा आणावेसे वाटले. संकट येणार हे ओळखून त्यांनी आधीच तांदूळ विकत घेऊन ठेवला होता. त्यातून कित्येक महिने रोज भुकेल्यांना अन्न मिळत राहिले. खाणाऱ्यांत ख्रिस्ती किती व हिंदू किती, याची त्यांनी पत्रांत मोजदाद केलेली नाही.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते एका वादामुळे. १७९३ मध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण ब्रिटिश संसदेपुढे आले. भारतात मिशनरी आणि शिक्षक पाठवावेत असे कलम विल्बरफोर्स यांनी सुचविले होते. त्याला विरोध करताना माँटगोमेरी कॅम्पबेल या सभासदाने श्वार्ट्झ यांच्या मंडळीची टर उडविली: पाद्रीबोवा चोरीविरुद्ध तासन्‌तास प्रवचन करीत होते, उकाड्याने त्यांनी गळपट्टा काढून ठेवला, आणि त्यांच्याच ख्रिस्ती श्रोत्यांनी सोन्याच्या बकलासह तो लांबविला! सभागृहात हशा पिकला असेल. कलम नामंजूर झाले, ते अर्थातच केवळ या किश्श्यामुळे नव्हे. वर्तमानपत्रांतून ही हकिकत तंजावरला पोहोचली आणि सदुसष्ट वर्षांच्या वृद्धाने १३ फेब्रुवारी १७९४ रोजी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेला उत्तर लिहिले.

श्वार्ट्झ यांचे एकच लेखन वाचावयाचे असेल तर मी हे पत्र सुचवीन. त्यांनी आधी गळपट्ट्याचा निकाल लावला. सतरा-अठरा वर्षांपूर्वी तिरुचिरापल्लीहून तंजावरला जाताना एका खेड्यात थांबलो होतो. गळपट्टा काढून ठेवला तो चोरीस गेला. आणि मुख्य म्हणजे त्या गावात एकही ख्रिस्ती कुटुंब नव्हते. चोरी करणाऱ्या मुलांना शिक्षा करावी असे गावकरी म्हणत होते, ती केली नाही. एवढे सांगून ते मुद्द्याकडे वळले. मिशनकार्याने काही भले झाले आहे काय? उत्तरादाखल त्यांनी हैदरकडचा प्रवास, दुष्काळातील धान्य, मारामाऱ्या सोडून शेतीला लागलेली खेडी, बुजलेले कालवे पुन्हा वाहते करण्यासाठी राजांकडे धरलेला हट्ट, अशा गोष्टी एकामागून एक मांडल्या. स्वतःविषयी बोलणे त्यांना किती जड जात होते ते जाणवते. मला हे सांगणे भाग पाडले गेले, असे ते म्हणतात. विनम्र माणसाने चिडून लिहिलेले पत्र किती स्वच्छ असू शकते याचा हा नमुना. योगायोग असा की, याच तारखेस, बरोबर चार वर्षांनी, त्यांना मृत्यू आला.

आता सर्वांत नाजूक प्रकरणाकडे येऊ. तुळजाजींची मुले वारली होती. १७८७ च्या आरंभी, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेतील नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव सरफोजी ठेवले. राजांनी मुलगा श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करू पाहिला. कुंपण नसलेली बाग माझ्या हाती देऊन कसे चालेल, राज्यात हक्क सांगणारे पुष्कळ आहेत, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना कारभारी व पालक नेमण्याचा सल्ला दिला. सल्ला सद्‌बुद्धीचा होता. परिणाम वाईट झाला. राजांच्या मृत्यूनंतर अमरसिंहांनी दत्तक अवैध असल्याचा दावा केला, पंडितांचे मत त्यांच्या बाजूने पडले, आणि कंपनीने त्यांनाच गादीवर बसविले. मुलाला अंधाऱ्या, कोंदट जागेत ठेवण्यात आले. त्याला शिक्षक मिळेना. श्वार्ट्झ मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहू लागले. १७९३ मध्ये राजपुत्राला व दिवंगत राजांच्या विधवा राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या मिशनरीच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. पंडितांची मते पुन्हा मागविण्यात आली, आधीच्या मतांमागे दडपण व लाच होती असे दिसून आले, आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी राजे गादीवर बसले. श्वार्ट्झ तो दिवस पाहू शकले नाहीत.

पण या गोष्टीचा पुढचा अंक आपण मराठी माणसांनी विसरता कामा नये. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. राजांना किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. ज्या सरकारने न्याय दिला त्यानेच त्याची किंमत वसूल केली. मग प्रश्न पडतो, श्वार्ट्झ कंपनीच्या हातातले बाहुले होते काय? ते कंपनीकडून दुभाष्या म्हणून वार्षिक शंभर पौंड घेत होते. मंत्र्यांच्या जुलमाने रयत राज्य सोडून पळू लागली तेव्हा कारभार पाहणाऱ्या समितीवर मद्रासचे गव्हर्नर कॅम्पबेल यांनी त्यांना नेमले होते, आणि त्यांनी ते पद स्वीकारले. माझ्या मते त्यांनी कंपनीचा स्वभाव ओळखला नाही असे म्हणता येणार नाही. युरोपीयांच्या लोभाविषयी त्यांनी वेळोवेळी कडवट लिहिले आहे. मात्र चांगला गव्हर्नर आला की चांगले राज्य येईल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. राजाने रयतेला छळले तर कंपनीकडे दाद मागावी, आणि कंपनीने छळले तर? या दुसऱ्या प्रश्नाला त्यांच्या पत्रांत उत्तर नाही. देवाकडे, एवढेच ते म्हणाले असते. त्यांच्या शिष्याला ते उत्तर घेऊन गादीवर चौतीस वर्षे काढावी लागली.

आणि तो शिष्य ख्रिस्ती झाला नाही. ही गोष्ट मिशनच्या चरित्रकारांना खुपत आलेली आहे. मला ती त्या नात्याची शोभा वाटते. श्वार्ट्झ यांनी उपदेश केला, दडपण आणले नाही. मुलगा हिंदू राहिला, त्याने काशीयात्रा केली, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचे प्रचंड मराठी चरित्र कोरून घेतले, आणि तरीही तो या पाद्र्याला पिता म्हणत राहिला. १७९८ च्या फेब्रुवारीत गुरू वारले तेव्हा सरफोजी दर्शनाला येईपर्यंत दफन थांबविण्यात आले. देहावर त्यांनी जरीचे वस्त्र घातले आणि ते रडले. कबरीच्या शिळेसाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत काही यमकबद्ध ओळी रचल्या. किल्ल्यातील चर्चसाठी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या ख्यातनाम शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते १८०७ च्या सुमारास तंजावरला आले. शय्येवर श्वार्ट्झ, शेजारी हात धरून उभे असलेले पगडीधारी सरफोजी, मागे गेरिके आणि पायांशी शाळेतील मुले. फ्लॅक्समन तंजावरला कधी आले नव्हते, त्यामुळे मराठी पगडीचे काय झाले आहे ते पाहणाऱ्याने पाहून घ्यावे! कंपनीनेही मद्रासच्या सेंट मेरीज चर्चमध्ये स्मारक उभारले. मला राजांचे तिसरे स्मारक अधिक मोलाचे वाटते: कनंदगुडी या गावी गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची त्यांनी केलेली तरतूद.

शाळा हाच खरे तर गुरुशिष्यांमधला धागा होता. रेसिडेंट सलिव्हन यांच्या सहकार्याने श्वार्ट्झ यांनी १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा येथे इंग्रजी शाळा काढल्या. कंपनीने प्रत्येकीस वार्षिक अडीचशे होन मंजूर केले. सरफोजींनी हा धागा मराठीत ओवला. त्यांनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना सुरू केला. त्याच साली श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले जात होते. इसापनीतीचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' तंजावरच्या छापखान्यातून निघाला. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. सरस्वती महाल ग्रंथालय राजांनी किती वाढविले ते सर्वज्ञात आहे. 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात तर भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते. आणि त्याच कुरवंजी प्रकारात श्वार्ट्झ यांच्या घरी वाढलेला दुसरा विद्यार्थी, वेदनायगम शास्त्री, 'बेथलेहेम कुरवंजी' हे तमिळ ख्रिस्ती काव्य रचतो. या शास्त्रींचे वडील कॅथॉलिक झालेले गृहस्थ होते, हेही जाता जाता नोंदवून ठेवू.

वेदनायगम यांचे नाव निघाले की जातीचा विषय टाळता येत नाही. श्वार्ट्झ यांच्या मंडळीत उच्चवर्णीय आणि दलित ख्रिस्ती चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूंना बसत. त्यांनी हे मोडून काढले नाही. काळाच्या ओघात आपोआप सुटेल अशी त्यांना आशा होती. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरच्या मंडळीत मोठी फूट पडली, आणि शास्त्री जातीच्या बाजूने उभे राहिले. आपण कॅथॉलिकांनी यावर फार बोट ठेवू नये. मदुरा मिशनमध्ये येशूसंघीयांनी उच्च जातींसाठी व दलितांसाठी वेगवेगळे धर्मगुरू नेमले होते. ज्या माणसाच्या शब्दावर हजार बैल आले, त्याने आपल्या चर्चमध्ये एक शब्द टाकला असता तर? त्यांच्या पत्रांत या विषयावर जितके लिहावयास हवे होते तितके सापडत नाही, आणि यावेळी दोष हालेच्या कात्रीला देता येत नाही.

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील आमच्या रनाळ्याहून तंजावर फार लांब पडते. पण नंदुरबार-नवापूर पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन वंशाचे जे मिशनरी आले, तेही जुन्या भक्तिपंथी पुनर्जागरणातून उगवलेल्या शाखेचेच. त्यांनीही आपल्या घरी पत्रे लिहिली असतीलच. त्या पत्रांत आपल्या वाड्यापाड्यांची, दुष्काळांची, शाळांची नोंद असणार. ती कोणी वाचावी, कोणी मराठीत आणावी, हा प्रश्न केवळ प्रॉटेस्टंट बंधूंचा आहे असे मला वाटत नाही.

श्वार्ट्झ यांच्या बाबतीत हे काम त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी इंग्रजीत झाले. त्यांची पत्रे व रोजनिशी १८२६ मध्ये लंडनला एकत्र प्रसिद्ध झाली. ह्यू पिअर्सन यांचे दोन खंडांचे चरित्र १८३४ मध्ये आले, तेही बहुतांशी पत्रांनीच भरलेले. जर्मनमध्ये विल्हेल्म गेरमान यांनी १८७० मध्ये मूळ कागदांवरून नवे चरित्र लिहिले. त्या १८२६ सालीच कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरला आले. २६ मार्चला ईस्टर होता. त्यांनी तेथे प्रवचन केले, श्वार्ट्झ यांची कबर पाहिली आणि वृद्धत्वाकडे झुकलेल्या सरफोजी राजांची भेट घेतली. शेक्सपियरविषयी आणि लाव्हाझिए यांच्या रसायनशास्त्राविषयी सारख्याच आपुलकीने बोलणारा हा मराठी राजा पाहून बिशप थक्क झाले. श्वार्ट्झ यांच्यात धर्मापेक्षा राजकारणाचा अंश जास्त असावा, असा हीबर यांचा पूर्वी समज होता. तंजावरच्या लोकांशी बोलल्यावर त्यांनी तो बदलला आणि तसे लिहून ठेवले. तेथून ते तिरुचिरापल्लीला गेले आणि आठवडाभरात, ३ एप्रिलला, तेथेच मरण पावले. सरफोजी राजे त्यानंतर सहा वर्षांनी, १८३२ मध्ये वारले.